कुरखेडा परिसर : वनाश्रित जीवन व शाश्वत विकास

कुरखेडा हे महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातील, त्याच नावाच्या तालुक्याचे मुख्यालय असून ते सती नदीच्या काठी वसले आहे. भात, तलाव आणि वन या तीन आधारांवर येथील जीवन शतकानुशतके उभे आहे. मानवी गरजा भागविताना त्या गरजा पुरविणारे निसर्गाचे भांडवल पुढील पिढ्यांसाठी शाबूत कसे ठेवावे, हा अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांपुढील मोठा प्रश्न आहे. कुरखेड्यासारख्या वनप्रदेशात तो विशेष तीव्रतेने जाणवतो. कारण येथे संपन्न वने व निर्धन वस्त्या एकाच भूमीवर शेजारी-शेजारी आढळतात. गडचिरोली जिल्ह्याच्या १४,४१२ चौ. किमी. क्षेत्रापैकी सु. तीन-चतुर्थांश क्षेत्र वनांखाली आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००२ मधील मानव विकास अहवालात मात्र राज्यातील सर्व जिल्ह्यांत हा जिल्हा शेवटच्या क्रमांकावर होता. या विसंगतीचे मूळ निसर्गाच्या कृपणतेत किंवा लोकांच्या उदासीनतेत सापडत नाही. वनावर अधिकार कोणाचा, त्याच्या उत्पन्नाचा हिशेब कोणी ठेवावयाचा आणि तुटीचा भार कोणी सोसावयाचा, या प्रश्नांना निरनिराळ्या राजवटींनी दिलेल्या उत्तरांत ते शोधावे लागते.

संकल्पना : ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण व विकासविषयक जागतिक आयोगाच्या १९८७ मधील अहवालामुळे रूढ झाली. नॉर्वेच्या ग्रू हार्लेम ब्रुंटलांड या आयोगाच्या अध्यक्षा होत्या. पुढील पिढ्यांच्या गरजा भागविण्याच्या क्षमतेस बाध न आणता वर्तमान पिढीच्या गरजा भागविणारा विकास, अशी तिची व्याख्या त्या अहवालात करण्यात आली. तत्पूर्वी १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या मानवी पर्यावरण परिषदेत भारताच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दारिद्र्य व पर्यावरण यांचा संबंध जगापुढे मांडला होता. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत गाठावयाची सतरा उद्दिष्टे स्वीकारली.

संज्ञा नवी असली, तरी तिच्यामागील कल्पना जुनी असून ती वनविद्येत जन्मली, ही गोष्ट प्रस्तुत संदर्भात महत्त्वाची आहे. सॅक्सनीच्या खाण प्रशासनातील हान्स कार्ल फोन कार्लोव्हिट्स या अधिकाऱ्याने १७१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, जितके लाकूड नव्याने वाढते तितकेच तोडावे, असे तत्त्व प्रतिपादन केले. खाणींना व धातू वितळविण्याच्या भट्ट्यांना लागणाऱ्या लाकडाचा तुटवडा हे त्यामागील निमित्त होते. हे तत्त्व पुढे जर्मन वनशास्त्राचा पाया बनले. भारतात १८६४ मध्ये वनखात्याची स्थापना झाली, तेव्हा डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे पहिले महानिरीक्षक झाले व त्यांच्याबरोबर ते तत्त्व येथे आले. वृक्षतोड व वृक्षवाढ यांचा मेळ घालणारे हे गणित निर्दोष होते. परंतु वनात राहणाऱ्या माणसांची नोंद करण्यास त्यात रकानाच नव्हता. कुरखेडा परिसराच्या अलीकडील इतिहासातील बराचसा संघर्ष हा रकाना भरून काढण्याचा संघर्ष आहे.

भूप्रदेश व लोक : सती नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन वैरागडजवळ खोब्रागडी नदीस मिळते व खोब्रागडीचे पाणी वैनगंगेस जाते. पश्चिमेकडील सखल भाग भातशेतीचा असून पूर्वेस कोरचीच्या व छत्तीसगडच्या बाजूला डोंगर व दाट वने आहेत. पर्जन्यमान चांगले असले, तरी बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो आणि भाताचे पीक त्यातील खंडामुळे संकटात येते. साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू, चार, हिरडा, बेहडा हे येथील प्रमुख वृक्ष होत. बांबू सर्वत्र आढळतो. लोकांत गोंड, कवर, हलबा व परधान या आदिवासी जमातींबरोबरच गोवारी, धीवर, कुणबी, महार इ. समाजांचा अंतर्भाव होतो. झाडीबोली मराठीच्या जोडीने गोंडी, हलबी व छत्तीसगडी या भाषा बोलल्या जातात. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील या वनमय पट्ट्यास ‘झाडीपट्टी’ असे म्हणतात. जवळचे रेल्वेस्थानक वडसा (देसाईगंज) हे गोंदिया–नागभीड–बल्लारशाह लोहमार्गावर आहे.

येथील कुटुंबाचे वार्षिक अर्थकारण शेत व वन या दोहोंत विभागलेले असते. पावसाळ्यात भात, हिवाळ्यात कापणी, मळणी व सरपण, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, उन्हाळ्याच्या मध्यास तेंदूपाने, त्यानंतर चारोळी व मोहाची टोळी, असा हा क्रम आहे. भाताचा साठा संपत येतो त्याच सुमारास वनातील उत्पन्न हाती येते. म्हणून वन हा येथे केवळ पूरक उत्पन्नाचा मार्ग नसून वर्षाच्या सर्वांत कठीण महिन्यांतील आधार असतो. वनावरील एखाद्या निर्बंधाचा परिणाम कागदावर अल्प दिसला, तरी घरातील चुलीवर तो मोठा होतो, याचे कारण हेच.

गोंड राजवट व तलाव : चांद्याच्या गोंड राजांच्या अमलात हा प्रदेश वैरागडच्या परगण्यात मोडत असे. जो जंगल साफ करील त्याला त्या जमिनीचा हक्क आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन, असा गोंड राजांचा नियम असल्याची परंपरा या भागात प्रसिद्ध आहे. त्यातून वैनगंगेच्या खोऱ्यात हजारो तलाव व बोड्या निर्माण झाल्या. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य विशेष मानले जाई. उताराच्या जागा हेरून मातीची पाळ घालावयाची, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात सोडावयाचा व अखेरचे पाणी नाल्यास मिळवावयाचे, अशी साखळी योजण्यात येई. तलावाचे पाणी भातास, गाळ शेतास, मासे धीवरांस आणि पाणवठा गुरांस व वन्य प्राण्यांस उपयोगी पडे. उन्हाळ्यात मोकळ्या झालेल्या तळाच्या जमिनीत पीक घेण्याची, म्हणजे ‘गाळपेर’ करण्याची पद्धतही रूढ होती.

वैरागड येथे त्या काळी हिऱ्यांची खाण होती व सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या आईन-इ-अकबरीत तिचा उल्लेख आढळतो. ती खाण कधीच संपली. तलावांपैकी अनेक मात्र आजही भात पिकवितात. एक संपत्ती उपसल्याने संपते, दुसरी राखल्याने टिकते, हा भेद या परिसरात पुस्तकात शोधावा लागत नाही. तथापि तलावाचा हक्क बांधणाऱ्याच्या घराण्याकडे राही व श्रम इतरांचे असत. त्यामुळे या जुन्या व्यवस्थेस समतेची व्यवस्था म्हणता येणार नाही.

जमीनदारीचा काळ : चांद्याचे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले व भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केले. १८५८ मध्ये चांदा जिल्ह्याच्या दक्षिण भागात बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यांना त्याच वर्षी चांदा येथे फाशी देण्यात आले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि पुढील दशकात जमिनीची व्यवस्था ठरविण्यात आली. सखल भागातील गावांवर मालगुजारांचे स्वामित्व मान्य झाले; पूर्वेकडील वनप्रदेश जमीनदारांकडे ठेवण्यात आला. गेवर्धा, सोनसरी, पलसगड, कोरची इ. जमीनदाऱ्या या भागातील होत. १९०५ मध्ये ब्रह्मपुरी व चांदा या तहसिलींतील जमीनदारी प्रदेश वेगळा काढून गडचिरोली तहसील बनविण्यात आली.

या व्यवस्थेचा वनांशी असलेला संबंध नीट लक्षात घेतला पाहिजे. १८६५, १८७८ व १९२७ च्या वनविषयक कायद्यांनी सरकारी मालकीची वने राखीव व संरक्षित अशा वर्गांत घालण्यात आली. जमीनदारी वने मात्र बहुतांशी जमीनदारांच्याच हाती राहिली. जमीनदारास इमारती लाकूड, लाख, मोह व चराई यांपासून उत्पन्न मिळे. रयतेस सरपण, कुंपणाचे काटे, घराची लाकडे, नांगराचे साहित्य व गुरांची चराई यांची मुभा असे. या मुभेस ‘निस्तार’ म्हणत व गावातील रूढ हक्कांची नोंद ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात होई. निस्तार हा उपकार नसून नोंदलेला हक्क होता, ही बाब पुढे शंभर वर्षांनी निर्णायक ठरली. जंगल जाळून त्या राखेत धान्य पेरण्याची फिरती शेती राखीव वनांत बंद करण्यात आली व वनवासींना नांगराच्या शेतीकडे वळविण्यात आले.

१८९६-९७ व १८९९-१९०० या वर्षांतील दुष्काळांनी मध्य प्रांताची मोठी हानी केली. १८९१ व १९०१ च्या जनगणनांमध्ये चांदा जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटल्याचे दिसून आले. अशा काळात मोहफुले, कंदमुळे व रानभाज्या यांनी वनप्रदेशातील अनेक कुटुंबे तगविली. वन ही दुष्काळातील विमा-योजना असते, हा अनुभव येथील लोकस्मृतीत तेव्हापासून रुजलेला आहे. १९३० मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात झालेल्या जंगल सत्याग्रहांमागेही वनावरील निर्बंधांविषयीचा असंतोष होता.

स्वातंत्र्योत्तर काळ : मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी व जमीनदारी नष्ट झाली आणि १९५१ पासून त्यांची वने, पडीत जमिनी व तलाव शासनाकडे आले. रयतेची मध्यस्थांपासून सुटका झाली, हा या सुधारणेचा निर्विवाद लाभ होय. परंतु तिचे दोन अनपेक्षित परिणाम झाले. पहिला तलावांबाबत : पूर्वी मालगुजाराच्या देखरेखीखाली गाव पाळ दुरुस्त करी व गाळ काढी, आता तलाव शासनाचे झाल्याने ते काम कोणाचेच राहिले नाही. ‘माजी मालगुजारी तलाव’ किंवा संक्षेपाने ‘मामा तलाव’ असे त्यांस नाव पडले. गाळ साचून त्यांची साठवणक्षमता घटली व अनेक तलावांच्या पोटात अतिक्रमणे झाली. दुसरा परिणाम वनांबाबत : जमीनदाराशी असलेला निस्ताराचा जुना संबंध तुटला आणि कुरखेडा परिसरातील बहुसंख्य गावांना वनखात्याशी खऱ्या अर्थाने प्रथमच संबंध आला. निस्तार हक्क जमीन महसूल संहितेत कायम ठेवण्यात आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही निस्तार पत्रकाची तरतूद आहे. प्रत्यक्षात मात्र या हक्कांचे स्मरण शासनास व गावास सारखेच विरळ होत गेले. महसुली नोंदींतील ‘झुडपी जंगल’ या वर्गातील जमिनींचा प्रश्न तर दीर्घकाळ अनिर्णित राहिला. या जमिनी वनेच होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला.

चांदा जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला.

बांबू व तेंदू : स्वातंत्र्यानंतर या वनांचे मूल्य प्रामुख्याने दोन वस्तूंनी ठरले. बल्लारपूर येथे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कागद कारखान्यास चांदा-गडचिरोलीच्या वनांतील बांबू दीर्घ मुदतीच्या करारांन्वये देण्यात येई. कारखान्यामुळे रोजगार मिळाला व देशाची कागदाची गरज भागली. परंतु टोपल्या, सुपे, तट्टे विणणाऱ्या बुरुडांस व घर शाकारणाऱ्या शेतकऱ्यास तोच बांबू मिळविणे कठीण झाले. कायद्याने बांबू हा ‘वृक्ष’ मानला जात असे. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या तो गवतकुळातील आहे. पण वर्गीकरणातील या एका शब्दाने त्यावरील गावाचा हक्क नाकारला गेला.

तेंदूची पाने विड्यांसाठी लागतात. महाराष्ट्र वनोपज (व्यापार विनियमन) अधिनियम, १९६९ अन्वये त्यांचा व्यापार शासनाने आपल्या नियंत्रणाखाली घेतला. संग्राहक सत्तर पानांचा एक पुडा बांधतो व असे एक हजार पुडे मिळून एक प्रमाण गोणी होते. पहाटे वनात जाऊन पाने तोडावयाची, दुपारी सर्व कुटुंबाने बसून ती जुळवावयाची व सायंकाळी संकलन केंद्रावर, म्हणजे ‘फळी’वर मोजून द्यावयाची, असे हे काम दोन-तीन आठवडे चालते. पुड्यामागे मिळणारी मजुरी हा दीर्घकाळ तीव्र असंतोषाचा विषय होता. १९८० नंतर नक्षलवादी गटांनी जिल्ह्यात प्रवेश केला, तेव्हा तेंदूपानांच्या व बांबूतोडीच्या मजुरीचा प्रश्न त्यांनी हाती घेतला व त्यायोगे लोकांत शिरकाव करून घेतला. साध्या आर्थिक न्यायाची उपेक्षा किती महाग पडते, याचे हे उदाहरण होय.

सिंचनाच्या बाबतीत निराळी कोंडी निर्माण झाली. वन (संवर्धन) अधिनियम, १९८० अन्वये वनजमिनीच्या वनेतर वापरास केंद्र शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. तुलतुली, कारवाफा यांसारखे जिल्ह्यातील सिंचन प्रकल्प त्यामुळे अडून राहिले. वने वाचली, ही गोष्ट देशाच्या हिताची झाली; त्यासाठी द्यावे लागलेले मूल्य मात्र कोरडवाहू भात करणाऱ्या शेतकऱ्याकडून वसूल झाले व त्याची भरपाई त्यास मिळाली नाही. उच्च उत्पन्नाच्या देशांनी आपली वने तोडून उद्योग उभारले व आता उरलेल्या वनांच्या रक्षणाची अपेक्षा गरीब देशांकडून केली जाते, अशी तक्रार आंतरराष्ट्रीय परिषदांत वारंवार ऐकू येते. तीच तक्रार राज्याच्या अंतर्गत कुरखेड्याने मुंबई-पुण्याविषयी करावी, अशी ही परिस्थिती आहे.

लोकचळवळी : गोदावरीवरील इंचमपल्ली व इंद्रावतीवरील भोपालपट्टनम या नियोजित धरणांविरुद्ध १९८० नंतरच्या दशकात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. त्यात लालश्यामशाह व बाबा आमटे यांचा पुढाकार होता. धरणे रद्द व्हावीत एवढ्यापुरते हे आंदोलन मर्यादित राहिले नाही. आपल्या गावाचा कारभार कोणी पाहावा, ही चर्चा त्यातून गावोगाव सुरू झाली. कुरखेड्याच्या दक्षिणेस असलेल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागाने ग्रामसभा व अभ्यासमंडळ यांची पद्धत विकसित केली. सर्व निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने घ्यावयाचे, हे तिचे वैशिष्ट्य होय. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिची घोषणा देशभर पोहोचली.

कुरखेडा येथे डॉ. सतीश गोगुलवार व शुभदा देशमुख यांनी ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ या संस्थेमार्फत काम उभे केले. आरोग्य हे औषधांपेक्षा अन्न, उत्पन्न, स्त्रियांचे स्थान व वन यांवर अधिक अवलंबून असते, या जाणिवेतून संस्थेचे काम स्त्रियांचे गट, वैदूंचे ज्ञान, अपंगांचे हक्क व वनहक्क या दिशांनी विस्तारले. गडचिरोलीजवळ डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातीलच स्त्रियांना नवजात अर्भकांच्या घरगुती शुश्रूषेचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासानुसार प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सु. ६२ टक्क्यांनी कमी झाला. जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. तिच्यामागेही लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या चळवळीचे बळ होते.

वनहक्क कायदा व त्यानंतर : १९९६ च्या पंचायत (अनुसूचित क्षेत्रांपर्यंत विस्तार) कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेस देण्याचे तत्त्व मान्य केले, तथापि महाराष्ट्राने १९९७ मध्ये केलेल्या कायद्यात तेंदू व बांबू या मौल्यवान वस्तू वगळण्यात आल्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने परिस्थिती पालटली. वनवासींवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाचा उल्लेख या कायद्याच्या प्रस्तावनेतच असून बांबूचा समावेश त्याने स्पष्टपणे गौण वनोपजात केला. २००९ मध्ये मेंढा (लेखा) व मर्दा या गावांस सामूहिक वनहक्क मिळाले. देशातील ते पहिले होत. मेंढ्याचे क्षेत्र सु. १,८०० हेक्टर आहे. दाव्यासाठी निस्तार पत्रकातील जुन्या नोंदींचा आधार झाला. तरीही बांबूच्या वाहतुकीस परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे येण्यास २०११ चा एप्रिल उजाडावा लागला. केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्या वेळी स्वतः मेंढ्यास येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. पुढे जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांचे सामूहिक हक्क मान्य झाले व या बाबतीत गडचिरोली देशात अग्रेसर ठरला. कुरखेडा व कोरची तालुक्यांतील अनेक ग्रामसभा तेंदू व बांबू यांची विक्री स्वतः करू लागल्या आणि कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापन केली. तीत स्त्रियांना बरोबरीचे स्थान देण्याचा प्रयत्न उल्लेखनीय आहे.

हक्क मिळाल्याने सर्व प्रश्न सुटले, असे मात्र नाही. तेंदूचा भाव एका हंगामात चढतो, दुसऱ्यात कोसळतो. व्यापारी एकत्र आले, तर लिलावात बोलीच लागत नाही. रक्कम थकली, तर ती वसूल करण्याचे साधन ग्रामसभेजवळ तुटपुंजे असते. लाखो रुपयांचा व्यवहार करावयाचा, तर हिशेबनीस, कर व बँक यांचे ज्ञान लागते. शिवाय अधिक उत्पन्नाचा मोह गावालाही असतो. चांगली पाने फुटावीत म्हणून तेंदूची झुडपे छाटणे व वनास आग लावणे या प्रथा नव्या रोपांचा नाश करतात. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या गावाने या कारणास्तव तेंदूपाने तोडणे बंद करून केवळ बांबूवर भर देण्याचा निर्णय घेतला. हातचे उत्पन्न सोडण्याचा हा निर्णय वनखात्याने लादलेला नव्हता. ग्रामसभेनेच तो घेतल्यामुळे त्याचे महत्त्व अधिक आहे.

खाणी, रस्ते व संघर्ष : जिल्ह्यात लोहखनिजाचे मोठे साठे आहेत. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे २००७ मध्ये खाणपट्टा देण्यात आला व प्रत्यक्ष उत्खनन २०१६ मध्ये सुरू झाले. २०२३ मध्ये त्याच्या मोठ्या विस्तारास परवानगी मिळाली. कोरची तालुक्यातील झेंडेपार येथील नियोजित खाणीस तेथील ग्रामसभांनी सातत्याने विरोध केला. २०२३ मध्ये या प्रकल्पाची जनसुनावणी झाली, तेव्हाही हा विरोध व्यक्त झाला. वन, पाण्याचे उगम व डोंगरावरील देवस्थाने यांची हानी, हे विरोधाचे कारण होते. रोजगार, रस्ते व शासकीय उत्पन्न हे समर्थकांचे मुद्दे असून जिल्ह्यातील बेकारी पाहता ते झिडकारण्यासारखे नाहीत. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांचे मत घेण्याचा आदेश दिला व सर्व ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. मात्र ग्रामसभेस होकार व नकार या दोहोंचेही खरे स्वातंत्र्य असल्याविना तिच्या संमतीस अर्थ राहत नाही.

हिंसाचाराने या निवडीस भीतीची छाया दिली. १ मे २०१९ रोजी नक्षलवाद्यांनी कुरखेडा तालुक्यातील दादापूर येथे रस्त्याच्या कामावरील वाहने जाळली. त्यानंतर तिकडे निघालेल्या पोलिसांचे वाहन जांभुळखेडा येथे भूसुरुंगाने उडविण्यात आले. त्यात पंधरा पोलीस व वाहनचालक मृत्यू पावले. ज्या रस्त्याने रुग्ण दवाखान्यात व भात बाजारात जावयाचा, तोच रस्ता युद्धाचे लक्ष्य व्हावा, ही येथील विकासाची शोकांतिका होय. त्यानंतरच्या काळात नक्षलवादी चळवळीचा प्रभाव बराच ओसरला व २०२५ मध्ये तिच्या ज्येष्ठ नेत्यांनीही गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली.

वन्य प्राण्यांचा प्रश्नही नव्याने पुढे आला आहे. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्याच्या उत्तर भागात आला आणि भातशेतीचे व घरांचे नुकसान होऊ लागले. वडसा-आरमोरी भागात वाघांच्या हल्ल्यांत माणसे मरण पावली. वने राखल्यामुळे वन्य प्राणी वाढले, हे यशच आहे. परंतु त्या यशाचा खर्च सरपणास व मोहफुलास पहाटे वनात जाणाऱ्या स्त्रीने सोसावा, हे न्याय्य म्हणता येत नाही.

समालोचन : जगातील अन्य वनप्रदेशांचा अनुभवही असाच आहे. नेपाळने १९९३ च्या कायद्याने वने उपभोक्ता-गटांकडे सोपविली, तर मेक्सिकोत ‘एहीदो’ या सामूहिक भूधारणेच्या गावांनी लाकडाचे उद्योग चालविले. सामायिक साधनसंपत्ती लोकांच्या हाती गेल्यास ती नष्टच होते, हे गृहीत एलिनॉर ऑस्ट्रम या अमेरिकन विदुषीने अनेक देशांतील उदाहरणांनी खोडून काढले व त्याबद्दल तिला २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नियम करणारे व ते पाळणारे एकच असतील, देखरेख जवळची असेल आणि वरिष्ठ सत्ता त्या नियमांचा मान राखील, तर सामायिक संपत्ती टिकते, असे तिच्या संशोधनाचे सार आहे.

कुरखेडा परिसराचा इतिहास याच निष्कर्षास पुष्टी देतो. येथे कोणत्याही राजवटीत वन नियमांविना नव्हते. प्रत्येक राजवटीने काही ना काही टिकविले. गोंड राजांनी तलाव, जमीनदारांनी आपले उत्पन्न, वनखात्याने वृक्ष व कारखान्याने बांबूचा पुरवठा टिकविला. टिकावयाच्या वस्तूंच्या या यादीत गावाचा समावेश मात्र फार उशिरा, २००६ नंतरच झाला. हा अधिकार अद्याप कोवळा आहे. भाव, व्यापारी, खनिजाची मागणी, बदलते हवामान व गावातील विषमता यांचा ताण त्यावर पडत आहे. माजी मालगुजारी तलावांची दुरुस्ती, वनोपजास किमान भावाची हमी, ग्रामसभांस हिशेबाचे व कायद्याचे साहाय्य आणि वने राखल्याबद्दल त्या गावांस मोबदला, या गोष्टी त्या दृष्टीने निकडीच्या होत. त्या झाल्या नाहीत, तर कागदावरील हक्क निस्ताराप्रमाणेच दप्तरात पडून राहण्याचा धोका आहे. आणि तो एकदा असाच पडून राहिल्याचे या भागातील लोक विसरलेले नाहीत.